मांडवात घेतलेलं नाव

कात्रप, बदलापूर (पूर्व)
१९ जानेवारी २०२५

ती. चंदरदादास,

तेजस्वीचा नमस्कार. आईच्या पाया पडले म्हणून सांग. कुंदावहिनी आणि जागृतीची फार आठवण येते. इकडे आम्ही बरे आहोत. अमितची पाठ जरा सुधारली आहे, आणि आमची लेक दहावीचा अभ्यास करत असल्याचं आम्हांला भासवते आहे.

तुझं घर माझ्या घरापासून रिक्षानं पंधरा मिनिटं, आणि मी तुला पत्र लिहिते आहे, हे बघून तू कपाळाला हात लावशील. लाव. फोन केला की तू तो स्पीकरवर टाकतोस, तुझ्या ऑफिसात जमिनीच्या कामाला आलेले चार जण ऐकत बसतात, आणि माझं वाक्य अर्ध्यावर असताना तू 'बरा बरा, ठेव' म्हणतोस. गेला महिनाभर तर उचलतही नाहीस. पत्र मधे तोडता येत नाही. फाडता येतं, पण तू आधी वाचशील, हे मला माहीत आहे.

नोकरीचं ठीक चाललंय. म्हणजे चाललंय.

मी नेमकं काय काम करते हे तू कधी विचारलं नाहीस. गावात तू सांगतोस, 'बहीन कॅम्प तीनला एक्स्पोर्टमध्ये हाय.' एक्स्पोर्ट म्हणजे मुकेशशेठचा जीन्सचा कारखाना. खाली शिलाई, वर ऑफिस, आणि ऑफिसात दाराशेजारी माझं टेबल. सोलापूर, नांदेड, इंदूरचे व्यापारी फोन करतात, आमचा माल निघाला का विचारतात. मी सांगते, निघाला. माल खाली ढिगात पडलेला असतो, त्याला अजून बटणंही लागलेली नसतात. दुपारी तोच माणूस पुन्हा फोन करतो, मी सांगते, गाडी भिवंडीला आहे. संध्याकाळी सांगते, ड्रायव्हरचा फोन लागत नाही. शेठ वाईट माणूस नाही रे. लेकीच्या आजारपणात मी घरी राहिले तेव्हा त्यानं पगार कापला नव्हता. पण तोच मला म्हणतो, "तेजस्वी, तूच बोल. तेरी आवाज में सच्चाई है, लोग मान लेते हैं."

या नोकरीला लागले तेव्हा मनात होतं की लेक शाळेत जाईपर्यंत करायची, मग बघू. ती आता कॉलेजात जाईल. मधल्या काळात मी काय बघितलं, विचारशील तर मला सांगता येणार नाही.

दिवाळीत लक्ष्मीपूजनाला सगळ्यांना मिठाईचे डबे दिले. माझा डबा देताना धाकटे शेठ सगळ्यांसमोर म्हणाले, "तेजस्वीदीदी तो यहीं से रिटायर होंगी." कौतुकानं म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही हसले, आणि मला अशी धडकी भरली की डबा ऑफिसातच विसरून आले. घरी येऊन अमितला विचारलं, माझं वय किती रे? तो म्हणाला, चाळीस, की एक्केचाळीस? म्हणजे त्यालाही नक्की माहीत नाही.

तेव्हापासून माझं बूड कुठे म्हणून टिकत नाही. फोन घेताना उभी राहते. जेवताना उठून पाणी आणते, आणि भरलेला तांब्या आधीच ताटाजवळ असतो. रविवारी कपाटं आवरायला काढते आणि अर्धी तशीच ठेवते. डॉक्टरीणबाईंनी थायरॉइड तपासायला सांगितलं. तो बरोबर आहे.

असो. ज्याच्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. रामभाऊकाकांच्या मुलाच्या हळदीचं.

तुझ्या लक्षात फक्त शेवटचं राहिलं. सुरुवात कशी झाली ते तुला माहीत नाही. ठरवलेला निवेदक दुसऱ्याच्या हळदीत अडकला होता आणि काकांचा चेहरा पांढरा पडला होता. मांडव भरलेला, पाहुणे येताहेत, आणि माइकवरून कोणाचं नाव नाही! आपल्याकडे मटणात मीठ कमी पडलं तर माणूस चालवून घेतो, पण नाव राहिलं तर पुढची तीन लग्नं फुगून बसतो. काका माझ्याकडे आले आणि माइक हातात कोंबून म्हणाले, "तूच बोल गो बाय, तुना सगली माईत हान."

आणि मला खरंच सगळी माहीत होती, दादा. कोणाचा मामा आधी, कोणाचे व्याही मानाचे, कोणत्या दोन भावांना एका दमात बोलवायचं नाही. मी निम्म्या गावाला 'उद्योजक' केलं, उरलेल्यांना 'युवा नेते'. तुला 'उद्योजक चंदरशेठ' म्हटलं तर तू स्वतः स्टेजजवळ येऊन कानात सांगितलंस, "समाजसेवक पन बोल." ते आठवून मी अजून हसते. बायकांचीही नावं घेतली, 'आणि परिवार' असं म्हणून गुंडाळलं नाही. मागे भाकऱ्यांना बसलेल्या द्रौपदीकाकूंचं नाव घेतलं तर त्या पिठाच्या हातानं उठून बाहेर आल्या, कोणी हाक मारली म्हणून.

दोन तास मी उभी होते आणि दोन तासांत मला एकदाही घड्याळ आठवलं नाही.

मग ते झालं. भागीरथीआत्याचं. इतकी नावं घेताना ओघात ते एक तोंडातून निघून गेलं. आजोबांनी काय सांगून ठेवलंय ते मला माहीत नाही का? आत्यानं अंबरनाथच्या किसनरावांशी, बौद्ध घरात, लग्न केलं, तेव्हापासून आपल्या घरच्या मांडवात तिचं नाव निघत नाही. ती येते, मागच्या खुर्चीवर बसते, आईला भेटते आणि जेवली न जेवलीशी निघून जाते. रामभाऊकाका गुपचूप निरोप देतात म्हणून येते, नाहीतर पत्रिकाही नसते. सगळ्यांना दिसते, आणि कोणी बघत नाही. हे सगळं ठाऊक असून मी म्हणून बसले, "आमच्या घरची मोठी लेक भागीरथीआत्या, आणि अंबरनाथहून आलेले आमचे जावई किसनराव, यांचं मनापासून स्वागत!" तू येऊन माइक घेतलास, 'जेवना चालू करा' म्हणालास, आणि मला मागे नेऊन विचारलंस, "तुना कोनी सांगला व्हता तिचा नाव घ्याला?"

कोणी सांगितलं नव्हतं. चुकून झालं. आता सोड ना. लहान बहीण आहे, माझ्याकडून जन्मभर चुकाच झाल्यात.

जागृतीच्या हळदीची तारीख नक्की झाली की कळव. मे महिना म्हणालेलास. मला सुट्टी आधी सांगावी लागते, आणि आत्या म्हणून मला चार दिवस आधीच यायचं आहे.

तुझी
तेजस्वी

ता. क. तुला दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा मीच सांगते. त्या हळदीला आलेल्या दोघींनी नंतर मला बोलावलं, एकीकडे साखरपुडा होता, एकीकडे बारसं. माइकवर बोलायला. मी गेले होते.


कात्रप, बदलापूर (पूर्व)
१३ एप्रिल २०२५

ती. दादास नमस्कार.

आईला, वहिनीला, जागृतीला यावेळी वेगळं काही सांगू नकोस. हे पत्र तुझ्या एकट्यासाठी आहे.

गेल्या आठवड्यात तुझा फोन आला. आवाज घुमत नव्हता, म्हणजे स्पीकरवर नव्हता, तेव्हाच ओळखलं की गंभीर आहे. तू बोललास तो शब्दन् शब्द माझ्या डोक्यात आहे. "जागृतीच्या हलदीला यायचा तर पाहुनी म्हनून ये. ह्यो माइकचा नाद सोड. लोकांच्या मांडवात आपली बाय ओरडते, मना बघाचा नाय. नोकरी हाय ना बरी? ती कर. नाय सोडायचा तर आयलीस काय नि नाय आयलीस काय." आणि ठेवलास. मी फोन कानाला लावून स्वयंपाकघरात तशीच उभी. दूध उतू गेलं.

तुझ्या माहितीत दोन गोष्टी चुकीच्या आहेत, आणि दोन्ही मीच दिलेल्या.

पहिली, नोकरी बरी आहे ही. नोकरी नाही. फेब्रुवारीत राजीनामा दिला, मार्चअखेर सुटले. गेल्या पत्रात सुट्टीचं लिहिलं, तेव्हा मनात ठरत आलं होतं, पण तुला सांगायची छाती झाली नाही. मुकेशशेठला सांगितलं तर तो म्हणाला, "पागल हो गई है क्या? यहाँ भी बोलना है, वहाँ भी बोलना है, फर्क क्या है?" मी म्हटलं, शेठ, वहाँ लोग सचमुच आये हुए होते हैं. तो आधी हसला. मग चहा मागवला. खाली उतरताना मागून हाक मारली, "सुन, मेरी भतीजी की सगाई है. हिंदी में कर लेगी?" करेन म्हटलं. करता येईल की नाही, देव जाणे.

अमित भडकला नाही, पण त्यानं एकच विचारलं आणि ते मला अजून टोचतं. मे संपला की पाऊस, पावसात लग्नं नाहीत, मग काय करशील? मी म्हटलं, साखरपुडे, बारशी, शाळांची गॅदरिंगं, गणपती. तो म्हणाला, बरं. त्याच्या 'बरं'चा अर्थ मला लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर कळतो. मलाही भीती वाटते, खोटं कशाला सांगू. अंबरनाथच्या एका हॉलमध्ये मी नवऱ्या मुलाच्या मामाला तिसऱ्या नंबरवर घेतलं, मामा न जेवता निघून गेला आणि नवरदेवाची आई माझ्यावर सगळ्यांसमोर ओरडली. एकदा घसा असा बसला की निम्मा कार्यक्रम खरखरत केला. एका ठिकाणी मला बघून म्हणाले, बाई पाठवली, कोणी पुरुष नव्हता का? घरी येऊन न्हाणीघरात रडले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तेव्हा उठावंसं वाटलं. हे मला फार वर्षांत झालं नव्हतं, दादा. तुला ते रोज होतं का? जमिनीचे कागद घेऊन निघतोस तेव्हा?

माझी एक पद्धत झाली आहे. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मी त्या घरी जाते, भाकऱ्या थापायला बसलेल्या बायकांच्यात बसते आणि एकेकीला नाव विचारते. पहिल्यांदा लाजतात. अमक्याची आई, तमक्याची सून असं सांगतात. मग हळूच खरं सांगतात. द्रौपदीकाकू एका हळदीत पुन्हा भेटल्या, म्हणाल्या, "माजा नाव नुसता द्रौपदी बोल. हरिचंद्रची बायको नको बोलू, ता सगल्यांना माईत हाय." इतकी वर्षं पंक्तीला वाढणाऱ्या त्या काकूंनी माइकवरून नाव आलं तेव्हा पदर नीट केला आणि पुढे येऊन बसल्या. यात ओरडणं कुठे आलं?

उद्या चौदा एप्रिल. किसनरावांच्या वस्तीत जयंतीचा कार्यक्रम आहे, त्याचं निवेदन माझ्याकडे आहे. हेही तुला कोणीतरी सांगणारच होतं.

आता दुसरी गोष्ट.

ते चुकून झालं नव्हतं.

आत्या मांडवात आली ती पाण्याच्या टाक्यांच्या बाजूनं. हिरवी साडी होती. किसनराव मागे, हातात आहेराची पिशवी. ती बसायला मागची खुर्ची शोधत होती, तीही लांबून, एखाद्या परक्या लग्नात आल्यासारखी. मी दुसऱ्याच कोणाचं तरी नाव घेत होते आणि मला ती दिसली. मधे मी किती तरी नावं घेतली, डोळा तिच्यावरच होता. तुझ्याकडेही बघितलं, तू कोणाशी तरी हसत होतास. मी टाळू शकले असते. आतापर्यंत प्रत्येक लग्नात टाळलंच आहे, तू, मी, सगळ्यांनीच. लहानपणी तिनं मला विहिरीवर नेऊन पोहायला शिकवलं, आणि माझ्या लग्नात मी तिच्या पायाही पडले नाही. लोक बघत होते म्हणून.

रोज ऑफिसात बसून नसलेल्या गाड्या रस्त्यावर आहेत म्हणून सांगायचं, आणि इथे समोर बसलेलं माणूस नाही म्हणायचं. मला त्या क्षणी दोन्हीचा असा वीट आला की मी नाव घेतलं. मोठ्यानं घेतलं. विचार करून घेतलं. त्याआधी आणि त्यानंतर मी इतकं खरं काही बोलले असेन असं वाटत नाही. आणि तेव्हाच कळलं की हे सोडून परत त्या टेबलावर मी फार दिवस बसणार नाही.

तू माइक घेतलास म्हणून तुला पुढचं दिसलं नाही. आत्या नाव ऐकून उठली होती. हात जोडायला अर्धे उचलले होते. तुझं 'जेवना चालू करा' आलं आणि ती तशीच खाली बसली. किसनरावांनी पिशवी मांडीवर घेतली.

आणि आईनं त्या संध्याकाळी मला भांड्यांच्या आडोशाला ओढून काय सांगितलं ते ऐक. "बरा केलंस गो बाय. मना पन बोलाचा व्हता, कवरी वरसा. पन मना कोन माइक देनार?" तिला विचारू नकोस, ती तुझ्यासमोर नाही म्हणेल. तुझ्या घरात राहते ती.

तुझा राग मला कळतो, असं समजू नको की कळत नाही. बाबा गेल्यावर तू घर सांभाळलंस, माझं लग्न लावलंस, ही नोकरीसुद्धा तूच कोणाच्या तरी ओळखीनं लावून दिलीस. लोक तुला विचारतात तेव्हा तुला मान खाली घालावी लागते. पण दादा, तू फोनवर मला जे सांगितलंस तेच आजोबांनी तिला सांगितलं होतं. हे सोड, नाहीतर आलीस काय नि नाही आलीस काय. तिनं सोडलं नाही. आणि मग ती घरातून कशी गेली ते आपण बघितलंय. भांडून नाही गेली. नुसतं तिचं नाव घ्यायचं थांबलं, आणि एवढंच पुरलं.

जागृतीला उद्या मुलं होतील. ती विचारतील, आईला आत्या किती? तू काय सांगणार आहेस? मला त्या विचारानं झोप लागत नाही. नोकरी गेली तरी झोप लागते, या विचारानं लागत नाही.

म्हणून मी निवडणार नाही. तू सांगितलंस म्हणजे दोनातलं एक निवडलंच पाहिजे असं कुठे आहे? माइक मी सोडणार नाही, आणि भाचीची हळदही सोडणार नाही. तुझ्या मांडवात बोलणार नाही, ते तुझं ऐकलं. तू कर्जतचा निवेदक ठरवलायस असं वहिनी म्हणाली. चांगला बोलतो तो, मी ऐकलंय. त्याला बोलू दे.

मी हळदीच्या सकाळी येईन. आदल्या दिवशी अंबरनाथला जाऊन राहीन आणि येताना आत्याला आणि किसनरावांना बरोबर घेऊन येईन. तिला मी अजून विचारलेलं नाही. ती आधी नको म्हणेल, मग साडी काढून ठेवेल.

आम्हांला बसायला सांग, मागे सांग, पुढे सांग, कुठेही बसू. परत पाठवायचं असेल तर तेही तुझ्या हातात आहे, मांडव तुझा आहे. पण मग वहिनीला पुढे करू नकोस. कोणा पुतण्याला कानात सांगून पाठवू नकोस. बघून न बघितल्यासारखंही करू नकोस, ते फार झालं. तू स्वतः उठ. त्या निवेदकाच्या हातातून माइक घे, आणि सगळ्या गावासमोर आमची नावं घेऊन सांग की कोणी कोणी परत जायचंय. तिचं आधी घे. ती मोठी आहे.

वाट बघते.

जागृतीची आत्या,
तेजस्वी